एक आर, एक पिक्सेल

सातबारा उताऱ्यावर शेताचं क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या सर्वांत बारीक बँडमधला (बँड म्हणजे ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशात टिपलेली प्रतिमा) एक पिक्सेल जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो, म्हणजे तोही बरोबर १०० चौरस मीटर. २०१५-१६च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या खातेदाराकडचं सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर भरलं. तलाठ्याच्या दप्तरात १ हेक्टर ३४ आर आणि उपग्रहाच्या दप्तरात १३४ पिक्सेल. गुंठ्यात मोजायची सवय असेल तरी फारसं बिघडत नाही, कारण गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा.

ही जुळणी योगायोगाची आहे, पण फार उपयोगाची आहे. उपग्रह-प्रतिमा हाताळणारी तयार साधनं आज कोणालाही मिळतात, त्यातली बरीच मोफत आहेत आणि पिकाखालचं क्षेत्र, धरणातलं पाणी, जंगलाची घट असे आकडे ती काही सेकंदांत देतात. त्या आकड्याचा ताळा कसा करायचा, हे मात्र कोणी शिकवत नाही. साधन किती वेगवान आहे, याची चर्चा पुष्कळ होते. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते दोन आकडे: साधनाने किती डेटा न वाचता काम भागवलं, आणि त्याने दिलेला आकडा जमिनीवरच्या किती आरांवर उभा आहे.

ओझं किती

सेंटिनेल-२च्या प्रतिमा ठरावीक चौकोनी तुकड्यांत मिळतात. त्यांना टाइल म्हणतात. एका टाइलची बाजू १०९.८ किलोमीटर, म्हणजे १० मीटरच्या हिशेबाने १०,९८० पिक्सेल. त्याचा वर्ग केला की एका बँडमध्ये १२ कोटी ५ लाखांहून जास्त पिक्सेल होतात. उपग्रहाचे बँड १३ आहेत: चार १० मीटरचे, सहा २० मीटरचे आणि तीन ६० मीटरचे. सगळे मिळून एका टाइलमध्ये ६७ कोटी ३१ लाख आकडे. प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले, तर १.३५ जीबी. उतरवून घेताना फाइल आकसलेली असल्याने साधारण निम्मी दिसते, पण काम सुरू झालं की संगणकाला ती पूर्ण उलगडावीच लागते.

आता महाराष्ट्र घेऊ. क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. दर चौरस किलोमीटरला १० मीटरच्या चार बँडचे ४०,००० आकडे, २० मीटरच्या सहा बँडचे १५,००० आणि ६० मीटरच्या तीन बँडचे ८३३. बेरीज ५५,८३३. याला राज्याच्या क्षेत्रफळाने आणि दोन बाइटने गुणलं की एका फेरीचे ३४.४ जीबी होतात. सेंटिनेल-२चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात. वर्षाला ७३ फेऱ्या धरल्या, तर अडीच टीबी. सेकंदाला ५० मेगाबिटची जोडणी अखंड, एकदाही न तुटता चालली, तरी एवढं उतरवायला चार दिवस आणि १५ तास लागतील. हे फक्त एका वर्षाचं.

त्यात जून ते सप्टेंबरच्या प्रतिमांपैकी पुष्कळ प्रतिमांत ढगांशिवाय काही नसतं. प्रत्येक टाइलसोबत ढगांची टक्केवारी दिलेली असते आणि बहुतेक साधनांत '२० टक्क्यांपेक्षा कमी ढग' अशी चाळणी लावता येते. सोय चांगली आहे, पण ती टक्केवारी १२,००० चौरस किलोमीटरच्या अख्ख्या टाइलची असते. कोकण ढगात बुडालेलं आणि घाटमाथ्यापलीकडे लख्ख ऊन, असा दिवस या चाळणीत गळून पडतो. उलट पाच टक्के ढगांच्या स्वच्छ टाइलमध्ये ते पाच टक्के नेमके आपल्या गावावर असू शकतात. चाळणी टाइलवर न लावता आपल्या क्षेत्रातल्या पिक्सेलवर लावावी. त्यासाठी लागणारा ढगांचा नकाशा प्रक्रिया केलेल्या टाइलसोबत तयार मिळतो. त्याच्याकडे पुढे येऊच.

न वाचलेला डेटा

१.३४ हेक्टरच्या शेताचा हिरवेपणा, म्हणजे एनडीव्हीआय, काढायला फक्त दोन बँड लागतात: लाल आणि निकट-अवरक्त. दोन्ही १० मीटरचे. त्यातले १३४ पिक्सेल हवेत, म्हणजे २६८ आकडे, ५३६ बाइट. एवढ्यासाठी १.३५ जीबीची टाइल उतरवायची, ही जुनी पद्धत. आजही कित्येक ठिकाणी ती चालते.

क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ नावाच्या फाइल-रचनेने हे चित्र पालटलं. तिला बोलताना 'कॉग' म्हणतात. यात प्रतिमेची साठवण ओळीओळीने होत नाही, ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलच्या चौकोनांत होते. कोणता चौकोन फाइलमध्ये कितव्या बाइटपासून सुरू होतो, याची सूची फाइलच्या सुरुवातीलाच असते. साधन आधी ती सूची वाचतं आणि सर्व्हरकडून तेवढाच चौकोन मागवतं. आपल्या टाइलमध्ये असे २२ गुणिले २२, म्हणजे ४८४ चौकोन बसतात. एक चौकोन सुमारे अर्ध्या एमबीचा आणि जमिनीवर २६ चौरस किलोमीटरचा. दोन बँडचे दोन चौकोन मिळून एक एमबीच्या जरा वर. वर्षाच्या ७३ फेऱ्यांचे ७७ एमबी. जुन्या पद्धतीने हेच ९८ जीबी झाले असते. शेत नेमकं चार चौकोनांच्या नाक्यावर पडलं तरी ३०७ एमबीच्या वर जात नाही. यात संगणक बदललेला नाही आणि इंटरनेटही बदललेलं नाही.

याच फाइलमध्ये प्रतिमेच्या लहान होत जाणाऱ्या आवृत्त्याही असतात: अर्ध्या मापाची, पाव मापाची, अशा उतरत्या. नकाशा दुरून पाहताना पूर्ण प्रतिमा उघडावी लागत नाही. त्यांनी फाइल किती फुगते? पाव अधिक एक-सोळांश अधिक एक-चौसष्टांश, असं कितीही पुढे गेलं तरी बेरीज एक-तृतीयांशाच्या पुढे जात नाही. ३३ टक्के जागा देऊन एवढा वेग मिळत असेल, तर तो सौदा मी कधीही करेन.

ही रचना लिहिणारं आणि वाचणारं मुख्य साधन म्हणजे जीडॅल. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये ते लिहायला घेतलं. ते मुक्त आहे, फुकट आहे, आणि क्यूजीआयएससारख्या मोफत आणि आर्कजीआयएससारख्या विकाऊ अशा दोन्ही प्रकारच्या सॉफ्टवेअरच्या पोटात तेच काम करतं. २०२०च्या ३.१ आवृत्तीत त्यात कॉग बनवण्याची थेट सोय आली आणि २०२३ मध्ये ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमने या रचनेला मानकाचा दर्जा दिला. उपग्रह-प्रतिमांशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याने बाकी काही शिकण्याआधी जीडॅलचे पाच-सहा आदेश शिकावेत, असं माझं ठाम मत आहे. खिडक्या आणि बटणांची सॉफ्टवेअरं दर काही वर्षांनी रूप बदलतात. हे आदेश पंचवीस वर्षांत फारसे बदललेले नाहीत.

त्यातला एक आदेश व्हीआरटी नावाची फाइल बनवतो. समजा, राज्याच्या सगळ्या टाइल जोडून एक अखंड प्रतिमा हवी आहे. शेजारच्या टाइलवर चढलेला भाग वगळला की एका टाइलच्या वाट्याला १०,००० चौरस किलोमीटर उरतात. क्षेत्रफळाला त्यांनी भागलं, तर किमान ३१ टाइल लागतात. कडांमुळे प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त. ३१ म्हटल्या तरी एकेक बँड २४१ एमबीचा, म्हणजे जोडकामाची प्रत साडेसात जीबीची. व्हीआरटी अशी प्रत बनवतच नाही. कोणती टाइल कुठे बसते, एवढीच नोंद काही किलोबाइटच्या मजकुरात ती ठेवते. बाकीची सॉफ्टवेअरं त्या नोंदीकडे पाहून ती सलग प्रतिमाच असल्यासारखी वागतात.

इथेच महाराष्ट्रापुरती एक खास अडचण आहे. सेंटिनेलच्या टाइल यूटीएम पद्धतीच्या पट्ट्यांत विभागलेल्या आहेत आणि ७८ अंश पूर्व रेखांशाला पट्टा बदलतो. पुणे, नाशिक, संभाजीनगर आणि अमरावती शहर ४३व्या पट्ट्यात, तर वर्धा आणि नागपूर ४४व्या. व्हीआरटी बनवणारा आदेश पहिल्या फाइलचा पट्टा प्रमाण मानतो आणि वेगळ्या पट्ट्याच्या फाइली वगळतो. फाइलींची नावं क्रमाने लावली की ४३च्या आधी येतात. मग ४४च्या सगळ्या बाहेर राहतात. आदेश तशी सूचना देतो, पण शेकडो ओळींच्या गर्दीत ती दिसत नाही आणि काम यशस्वी झाल्याचाच संदेश येतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांचं क्षेत्र ५० हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, राज्याचा जवळपास सहावा हिस्सा. जंगलाचा आकडा काढत असाल, तर राज्यातलं सर्वांत दाट जंगल हिशेबाबाहेर राहिलं. उपाय दोन: आधी सगळ्या टाइल एकाच प्रक्षेपणात, म्हणजे एकाच पट्ट्यात आणाव्यात, आणि आदेशाला 'स्ट्रिक्ट' हा पर्याय द्यावा, म्हणजे सूचनेवर न भागवता तो तिथेच थांबतो.

दहा हजार संगणक आणि एक अंश

डेटा आपल्याकडे न आणता आपलंच काम डेटाकडे पाठवायचं, ही दुसरी वाट. गूगल अर्थ इंजिन २०१० मध्ये आलं आणि त्याची ताकद जगाला कळली २०१३च्या नोव्हेंबरात. मेरीलँड विद्यापीठाचे मॅथ्यू हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी लँडसॅट-७ या अमेरिकी उपग्रहाच्या ६,५४,१७८ प्रतिमांवरून २००० ते २०१२ या काळातला जगाच्या जंगलांचा हिशेब मांडला. १०,००० संगणकांवर मिळून दहा लाख तास गणन झालं. भागाकार केला तर १०० तास, म्हणजे चार दिवसांच्या जरा वर. एकाच प्रोसेसरवर हेच काम ११४ वर्षं चाललं असतं. निष्कर्ष असा होता: २३ लाख चौरस किलोमीटर जंगल गेलं, म्हणजे साडेसात महाराष्ट्र, आणि आठ लाख चौरस किलोमीटर नव्याने उभं राहिलं.

याच्या मुळाशी एक धोरणात्मक निर्णय आहे. २००८ आधी लँडसॅट-७ची एक प्रतिमा ६०० डॉलरला मिळत असे. तिचा पट्टा १८५ किलोमीटर रुंद, त्यामुळे महाराष्ट्र झाकायला किमान दहा प्रतिमा, म्हणजे एका तारखेचे ६,००० डॉलर. हॅन्सन यांच्या साडेसहा लाख प्रतिमांचं बिल त्या भावाने ३९ कोटी डॉलरवर गेलं असतं. अमेरिकेने २००८ मध्ये लँडसॅटचा साठा मोफत केला, म्हणूनच अशा कामाचा विचार तरी करता आला. आपल्याकडेही राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी पोर्टलवर रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या २३.५ मीटरच्या प्रतिमा मोफत मिळतात. तयार साधनांचं कौतुक करताना मोफत डेटाचं श्रेय विसरू नये.

अर्थ इंजिनमध्ये चार ओळी लिहून महाराष्ट्राचा सरासरी एनडीव्हीआय निघतो. पण त्या चार ओळींत काय घडतं, ते पाहू.

क्षेत्राची सरासरी काढणाऱ्या आदेशाला पिक्सेलची मर्यादा असते: आपण काही सांगितलं नाही, तर एक कोटी. महाराष्ट्राचे १० मीटरचे पिक्सेल ३०७ कोटी. साहजिकच 'पिक्सेल फार आहेत' असा संदेश येतो आणि सोबत एक पर्याय सुचवला जातो, 'बेस्ट एफर्ट'. तो चालू केला की संदेश जातो आणि उत्तर येतं. काय झालं? साधनाने स्वतःच पिक्सेल मोठा केला. ३,०७,७१३ चौरस किलोमीटर एक कोटीत बसवायचे, तर पिक्सेलची बाजू किमान १७५ मीटरची व्हावी लागते. असा एक पिक्सेल तीन हेक्टरांचा, साडेसात एकरांचा. म्हणजे दोन खातेदारांची शेतं, बांध, ओढा आणि रस्ता मिळून एक आकडा. राज्याच्या सरासरीला कदाचित त्याने फार धक्का लागणार नाही. पण 'एनडीव्हीआय ०.५च्या वर असलेलं क्षेत्र किती' असं विचारलं, तर उत्तर पार बदलू शकतं, कारण निम्मं हिरवं आणि निम्मं उघडं रान मिसळून त्या रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे एकगठ्ठा पडतं.

याहून मोठा घोटाळा पिक्सेलचं माप अजिबात न सांगण्यात आहे. अनेक तारखांच्या प्रतिमा एकत्र करून त्यांचा मध्यक घेतला, की त्या नव्या प्रतिमेला स्वतःचं माप उरत नाही आणि अर्थ इंजिन ते एक अंश धरतं. एक अंश म्हणजे विषुववृत्तावर १११ किलोमीटर. आपल्या अक्षांशावर असा एक चौकोन सुमारे ११,७०० चौरस किलोमीटरचा. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राची सरासरी २६-२७ आकड्यांवरून निघते. पडद्यावर मात्र उत्तर दशांशचिन्हापुढे पंधरा अंकांसह येतं, आणि त्या पंधरा अंकांमुळेच ते अचूक वाटतं. माप सांगणारा एक शब्द आणि एक आकडा लिहायचा राहिला, एवढंच कारण.

खरी वाटणारी चूक

माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत शिकवणारी तारीख २५ जानेवारी २०२२ ही आहे. त्या दिवशी युरोपीय अवकाश संस्थेने सेंटिनेल-२च्या प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू केली. तोवर फाइलमधल्या आकड्याला १०,०००ने भागलं की परावर्तन मिळायचं. नव्या आवृत्तीत प्रत्येक आकड्यात १,००० मिळवलेले असतात. म्हणून आधी १,००० वजा करायचे आणि मग भागायचं. फार गडद जागी दुरुस्तीनंतर आकडा शून्याखाली जातो, तो जपता यावा म्हणून हा बदल झाला. कारण योग्यच होतं.

आता उसाच्या फडातला एक पिक्सेल घेऊ. नव्या फाइलमध्ये लाल बँडचा आकडा १,५०० आणि निकट-अवरक्तचा ४,०००. बरोबर रीतीने परावर्तन ०.०५ आणि ०.३०. दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागलं, ०.२५ भागिले ०.३५, तर एनडीव्हीआय ०.७१. हिरवागार ऊस. १,००० वजा करायचे राहिले, तर ०.१५ आणि ०.४०, म्हणजे ०.२५ भागिले ०.५५, उत्तर ०.४५. वरचा आकडा तोच राहिला, खालची बेरीज फुगली आणि हिरवेपणा तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरला.

तारीख लक्षात घ्या. जानेवारीचा शेवट म्हणजे गाळप हंगाम ऐन भरात. आलेखावर उसाचा हिरवेपणा ०.७१ वरून ०.४५ वर घसरलेला दिसला, तर पाहणारा म्हणेल, तोड झाली. कोणालाच शंका येणार नाही. ज्या चुकीचा आकडा हास्यास्पद येतो, ती त्याच दिवशी पकडली जाते. ज्या चुकीच्या आकड्याला शेतातलं एखादं कारण सहज सापडतं, ती अहवालात जाऊन बसते.

तारखेवर विसंबूनही चालत नाही. संस्थेने जुन्या प्रतिमांवर नव्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया केली आहे, त्यामुळे २०१८च्या प्रतिमेतही हे १,००० असू शकतात. पाहायचं ते फाइलच्या नावात 'एन' या अक्षरापुढचे चार अंक: ०३०१ असेल तर जुनी पद्धत, ०४०० किंवा त्यापुढचं असेल तर नवी. अर्थ इंजिनमध्ये यासाठी 'हार्मोनाइज्ड' नावाचा वेगळा संच आहे, त्यात नव्या प्रतिमा जुन्या मापावर आणून ठेवल्या आहेत. ज्याला वर्षानुवर्षांची तुलना करायची आहे, त्याने तोच वापरावा. लँडसॅटचा हिशेब आणखी निराळा: तिथे आकड्याला ०.००००२७५ने गुणून त्यातून ०.२ वजा करायचे. उपग्रह बदलला की सूत्र बदलतं, आणि तयार साधन ते आपोआप लावेलच असं नाही.

ढगांच्या नकाशाचंही असंच. सेंटिनेल-२च्या प्रक्रिया केलेल्या टाइलसोबत एक वर्गीकरण-थर येतो. त्यात ० ते ११ असे संकेतांक: ३ म्हणजे ढगाची सावली, ४ वनस्पती, ५ उघडी जमीन, ६ पाणी, ८ आणि ९ ढग, १० विरळ उंच ढग. हा थर २० मीटरचा आहे. एखाद्या वेगळ्या मापाच्या किंवा प्रक्षेपणाच्या जाळ्यावर तो बसवताना साधन विचारतं, पिक्सेल कोणत्या पद्धतीने बदलायचे. शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढणारं 'बायलिनियर' निवडलं की प्रतिमा गुळगुळीत दिसते, म्हणून बरेचजण तेच निवडतात. उजनीच्या काठावर एका बाजूला वनस्पती, दुसऱ्या बाजूला पाणी. चार आणि सहा यांची सरासरी पाच. धरणाच्या भोवती उघड्या जमिनीची एक सलग रेघ तयार झाली, जी प्रत्यक्षात कुठेच नाही. संकेतांकांची सरासरी काढायची नसते. तिथे सर्वांत जवळचा पिक्सेल घेणारी पद्धतच लावावी. जीडॅलमध्ये काही सांगितलं नाही तर तीच लागते.

पावसाळ्यात ढगांपलीकडचं पाहायला सेंटिनेल-१चा रडार आहे. त्याच्या प्रतिमांसाठी युरोपीय संस्थेचं स्नॅप हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि कक्षेच्या दुरुस्तीपासून भूरूपाच्या दुरुस्तीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांची एक साखळी त्यात एकदा रचून ठेवता येते. तीच साखळी मग शंभर प्रतिमांवर चालवता येते. एकच सांगतो: डेसिबलमध्ये सरासरी काढू नये. उणे १० आणि उणे २० डेसिबलची सरासरी उणे १५ दिसते. पण ते आकडे आधी मूळ मापात आणले, तर ०.१ आणि ०.०१ यांची सरासरी ०.०५५, म्हणजे उणे १२.६ डेसिबल. पुराच्या पाण्याची हद्द ठरवताना अडीच डेसिबलचा फरक नदीकाठची बरीच शेतं आत किंवा बाहेर टाकतो.

बांध

पुन्हा १३४ पिक्सेलच्या शेताकडे. शेत चौरस धरलं तर बाजू ११६ मीटर. काठावरची एक-एक रांग सोडली, तर आत ९२ पिक्सेल उरतात. म्हणजे ३१ टक्के पिक्सेल काठावरचे, ज्यांच्यात बांध, बांधावरची झाडं किंवा शेजाऱ्याचं पीक मिसळलेलं आहे. २० मीटरच्या बँडमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं. लँडसॅटच्या ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये, जिथे एक पिक्सेल नऊ आरांचा, ते ७७ टक्के: पंधरापैकी साडेअकरा पिक्सेल काठावरचे. आणि वाटण्या होऊन पट्ट्या पडलेलं आपलं शेत चौरस कुठे असतं? तेच १.३४ हेक्टर ५० मीटर रुंद आणि २६८ मीटर लांब असेल, तर १० मीटरच्या प्रतिमेतही ४४ टक्के पिक्सेल काठावर जातात.

शेतांच्या सीमा आपोआप आखणारी साधनं आता आली आहेत. मेटा कंपनीचं 'सेगमेंट एनिथिंग' हे मॉडेल एप्रिल २०२३ मध्ये खुलं झालं. एक कोटी दहा लाख छायाचित्रांतल्या ११० कोटी आकृत्यांवर ते शिकवलेलं आहे आणि क्यूजीआयएसमध्ये ते जोडून वापरताही येतं. मात्र ती बहुतेक साधी छायाचित्रं होती, उपग्रह-प्रतिमा नव्हेत. मीटरभर रुंदीचा बांध १० मीटरच्या पिक्सेलमध्ये दिसतच नाही, मग मॉडेल कितीही हुशार असो. आखलेली सीमा सगळीकडून फक्त अर्धा पिक्सेल, म्हणजे पाच मीटर बाहेर सरकली, तर १.३४ हेक्टरचं चौरस शेत १.५८ हेक्टर होतं. आत सरकली तर १.१२. विमा किंवा नुकसानभरपाई या आकड्यावर ठरणार असेल, तर सीमा उपग्रहावरून आखू नये. ती भूमी अभिलेखाच्या मोजणी नकाशावरून घ्यावी, काठाची रांग वगळावी आणि आतल्या ९२ पिक्सेलवरच हिरवेपणा मोजावा. क्यूजीआयएसमध्ये उणे १० मीटरचा बफर दिला की हे एका टिचकीत होतं.

एवढ्या सगळ्या आकड्यांनंतर कामाचं एकक कोणतं धरावं, असं कोणी विचारलं तर मी तालुका सांगेन. राज्यात साडेतीनशेच्या आसपास तालुके आहेत, सरासरी क्षेत्र ८८० चौरस किलोमीटर. म्हणजे १० मीटरचे ८८ लाख पिक्सेल. हे अर्थ इंजिनच्या एक कोटीच्या मर्यादेत बसतं आणि पिक्सेल मोठा करायची वेळच येत नाही. १,००० चौरस किलोमीटरपेक्षा मोठ्या तालुक्याला मर्यादा स्वतः वाढवून द्यावी, 'बेस्ट एफर्ट' लावू नये. स्वतःच्या संगणकावर काम करायचं, तर लाल आणि निकट-अवरक्त या दोन बँडचे एका फेरीला ३५ एमबी आणि वर्षाच्या ७३ फेऱ्यांचे अडीच जीबीच्या जरा वर. हे साध्या लॅपटॉपवर, जीडॅल आणि क्यूजीआयएस एवढ्यावर होतं. बहुतेक तालुके एकाच यूटीएम पट्ट्यात येतात, त्यामुळे ७८ अंशाची अडचणही फार थोड्या ठिकाणी उरते. आणि तालुक्याची पेरणीची आकडेवारी कृषी विभागाकडे हेक्टरमध्ये असते: तिला १००ने गुणलं की पिक्सेल मिळतात.